मेलेली झाडं

देशातल्या एकेका विभागाच्या जंगलाला 'राखून वापरलेलं जंगल' असा शिक्का मिळत गेला. आधी डोंगराकडच्या विभागाला, मग नदीकाठच्या, आणि शेवटी तर मुकादमाच्या साडूच्या विभागालाही. तिथे मात्र, स्वतः एका विभागाची लाकूडतोड सांभाळणाऱ्या मुकादमाचं डोकं फिरलं. साडू जन्माचा आळशी. त्याच्या जंगलात पडलेलं झाड पडल्या जागी कुजायचं. असल्या माणसाला शिक्का मिळतो आणि आपल्याला नाही, म्हणजे काय!

हेवा बाजूला ठेवला तरी पोटाचा प्रश्न होताच. बिनशिक्क्याचं लाकूड यापुढे घेणार नाही, असं फर्निचरच्या कारखान्याने कळवलं होतं. शिक्का नाही मिळाला तर तोड बंद, आणि मुकादमाच्या हाताखालची सगळी माणसं घरी.

तपासणी ठरली तसा मुकादम कंबर कसून कामाला लागला. वाळकी झाडं तोडली, पडलेले ओंडके आणि पोकळ खोडं जाळून टाकली, वाटेवरचा पाचोळासुद्धा झाडून काढला.

"घरात कधी झाडू हातात धरला नाहीत," बायको म्हणाली, "आणि जंगल झाडताय?"

मुकादम झाडू उचलून पुन्हा जंगलाकडे निघाला.

तपासनीस बाई आल्या आणि जंगलभर हिंडल्या.

"मेलेली झाडं कुठे आहेत?"

"शोधून दाखवा, बाई." मुकादमाने छाती फुगवली. "औषधाला सापडायचं नाही."

बाईंनी खरंच शोधलं. मग एका खुंटावर बसून बुटातला खडा झटकत त्या म्हणाल्या, "मेलेल्या झाडांत पक्षी घर करतात, किडे राहतात. ती जंगलात ठेवावीच लागतात. शिक्क्याची अटच आहे तशी."

मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे साडूला..."

"कोण साडू?"

"कोणी नाही."

बाई काही दगडाच्या काळजाच्या नव्हत्या. "एक वाट आहे," त्या म्हणाल्या. "बुंध्याभोवती सालीचा पट्टा सोलला की झाड उभ्या उभ्या वाळतं. अशी थोडी झाडं आज माझ्यासमोर केलीत, तर मी होकार लिहून जाते."

"वाकडी, रोगट चालतील?"

"जाड हवीत. पक्ष्याला ढोली करता येईल एवढी."

एवढी जाड झाडं एकाच जागी होती. मुकादमाच्या वडिलांनी लावलेली. वडील गेल्यावर दर तोडीला काहीतरी सबब सांगून मुकादमाने ती वाचवली होती. लाकडात गाठी आहेत म्हणायचा, उतार धोक्याचा आहे म्हणायचा. माणसांना सगळं ठाऊक होतं, पण कोणी कधी तोंड उघडलं नाही. आताही कोणी कुऱ्हाड उचलेना.

"जा, चहा घेऊन या," मुकादम त्यांना म्हणाला.

माणसं गेली. त्याने स्वतःच कुऱ्हाड घेतली. पहिल्या झाडाची साल सोलताना त्याला भडभडून आलं. माफ कर, असं त्याला म्हणायचं होतं. पण बाई मोजून टिपून घेत होत्या, म्हणून तो मोठ्याने नुसतं "एक" म्हणाला.