सुष्माच्या हिश्श्याची माती

वाटणीच्या जमिनीत सगळ्यात आधी काय उगवतं, ठाऊक आहे? संशय! त्याला ना खत लागतं, ना पाणी.

शहरात, नजरबादच्या कचेरीत नोकरी करणाऱ्या सुष्माचंही तेच झालं. वडिलांमागे शहराबाहेर मेटगळ्ळीपलीकडचं शेत तिच्यात आणि थोरल्या भावात, सयाजीरावांत, निम्मंनिम्मं झालं. दोन्हीकडे सेंद्रिय भाजी पिकवायचे सयाजीरावच. पण सुष्माची अट होती, "माझ्या हिश्श्यात बारा महिने भाजी उभी दिसली पाहिजे." रान रिकामं दिसलं तर भाऊ ते हळूच प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याच्या घशात घालील, ही तिची धास्ती.

यंदा तिच्या वांग्यांनी माना टाकल्या. आणि बांधापलीकडे? अण्णाच्या हिश्श्यात भाजीचा पत्ता नाही, नुसता पिवळ्या फुलांचा ताग माजलेला! नक्कीच कुठेतरी पाणी मुरतंय. शेणखत सगळं तिकडेच जात असणार. आपली जमीन नापीक करून मातीमोल भावात लाटायचा बेत असणार. रविवारी ती चामराजपुरमच्या घरून तडक बांधावर आली.

"अण्णा, खरं सांग, खत कुठे जातं? नाहीतर माझा हिस्सा मी उद्याच लेआउटवाल्याला देते!"

सयाजीरावांनी नुसती मान खाली घातली. चोराच्या मनात चांदणं, असं सुष्माला वाटलं.

त्यांच्या शेजारी उभ्या सिंधूवहिनींनी मात्र कुदळ उचलली. "अय्यो, उद्या दे की! आधी बा इल्लि, इकडे ये, हे नोडु, बघ."

त्यांनी वांग्याचं एक झाड उपटलं. मुळांवर गाठीच गाठी.

"मुळांत घुसणारे सूत्रकृमी आहेत, बारीक किडे. टोमॅटो, मिरची, वांगी, नावं तीन पण घराणं एकच. तुझ्या रानात बारा महिने तेच, मग त्यांना खाणारी कीडही इथेच मुक्काम ठोकते. खत दोन्हीकडे एकाच ढिगातलं पडतंय."

"कशावरून?"

"स्वतःच खणून बघ."

सुष्माने आपल्या हिश्श्यात कुदळ मारली. ढेकूळ निघालं, शेणखताचे तुकडे असूनही कोरडं आणि टणक. मग वहिनींनी दाखवलेली जागा मुद्दाम सोडून तिने तागात दुसरीकडेच खणलं. माती भुसभुशीत, आत गांडुळांची वळवळ! ती आणखी पुढे जाऊन खणू लागली. तिथेही तेच. "खत तेच, पण इथे आम्ही असं पीक फुलावर आलं की मातीत गाडतो," वहिनी म्हणाल्या.

"पण एवढं पीक वाढवून मातीतच गाडायचं?"

"मातीत राबणाऱ्या जीवांना जेवायला नको का? एकदा ताग, मग कुळीथ, मग मोहरी, असं पालटून द्यावं लागतं. पहिल्यांदा आम्हीही नुसत्या खतावर भिस्त ठेवून पस्तावलोच ना!"

"मग माझ्याकडे का नाही पेरला?"

आता सयाजीराव बोलले. "बी घेऊन दोनदा बांधापर्यंत आलो होतो, सुष्मा. पण भाजी नसलेलं रान बघून तू काय म्हणाली असतीस?"

जे म्हणाली असती, ते सुष्मा आत्ताच म्हणून बसली होती. तिचे डोळे भरून आले. भावाला चोर ठरवता ठरवता तिने स्वतःचीच जमीन उपाशी ठेवली होती!

"चुकलं माझं, अण्णा. ती वांगी काढून टाक. माझ्याकडेही ताग पेरू."

"हंगामभर तुझ्या वाट्याची भाजी येणार नाही. चालेल?"

"चालेल. बी टाकायला मीच येईन. पाळत ठेवायला आता नाही येणार."

मंडळी, जमिनीकडून आपण घेतच राहतो, आणि पीक खालावलं की राबणाऱ्याच्या हाताकडे बोट दाखवतो. बाजारात नेण्याजोगं काही दिसत नाही, तेव्हाही माती पुढच्या पिकाची तयारी करत असते. तिच्या पोटातल्या जीवांना त्यांचा घास द्या, आणि तो घास भरवणाऱ्यावर विश्वास ठेवा!