जरा मान द्या

“जगातल्या यच्चयावत प्राणिमात्रांना मी क्षमा केली आहे!” धाकट्याने वस्तरा छताकडे रोखून जाहीर केले. खुर्चीतल्या मास्तरांचा अर्धा गाल अजून फेसात होता, त्यामुळे त्यांनी तत्काळ अनुमोदन दिले. दुसरा गाल सुखरूप हाती आल्यावर मात्र हळूच विचारले, “आणि थोरल्याला?”

“त्याला प्राणिमात्रांत धरत नाहीत.”

अकरा वर्षांपूर्वी हे दोघे भाऊ एकाच दुकानात शेजारशेजारच्या खुर्च्यांवर काम करत. एकदा थोरल्याच्या हातून एका बड्या साहेबांचा कान कापला. साहेब डोळे मिटून बसलेले. थोरल्याने भर दुकानात सांगून टाकले, “माफ करा साहेब, आमच्या धाकट्याचा हात कापतो.” दाढी करणाऱ्याचा हात कापतो म्हटल्यावर पुढे काय काय कापेल, हे गिऱ्हाइकांना सांगावे लागले नाही. धाकट्याने दोन गल्ल्या सोडून वेगळे दुकान थाटले. तेव्हापासून रोज शटर वर करताना तो देवाकडे एकच मागणे मागे : ‘त्याला एकदा माझ्यापुढे मान खाली घालायला लाव.’

त्या दुपारी वहिनी दारात उभी राहिली.

“भावजी, चला. उद्या ऑपरेशन आहे. डॉक्टर कसलीच खात्री देत नाहीत. दाढी करायची म्हणून तिथला माणूस आला, तर यांनी त्याला हाकलला.”

“म्हणजे जोर आहे अजून!”

“नजरेनं हाकलला. तेवढंच उरलंय.”

“माफी मागतो म्हणाला का?”

“पाणी मागायलासुद्धा दोनदा श्वास घ्यावा लागतो हो त्यांना.”

धाकट्याने पेटी उचलली. थोरल्याने माफी मागितली की ‘ऐकू आलं नाही’ म्हणून ती पुन्हा म्हणायला लावायची, हे त्याने वाटेतच पक्के केले.

इस्पितळात थोरल्याला उशांच्या आधाराने बसवले होते. हनुवटी छातीला टेकलेली.

“जरा मान द्या,” धाकटा सवयीने म्हणाला.

“मानेतला जोरच गेलाय,” वहिनी पुटपुटली. “अशीच खाली असते आता.”

धाकटा बघत राहिला. देवाने त्याचा अर्ज मंजूर केला होता. एखाद्या कचेरीत करतात तसा, अक्षरन् अक्षर वाचून आणि माणसाकडे न बघता.

त्याने डावा तळवा हनुवटीखाली घातला आणि डोके वर उचलले. सगळा भार तळव्यात आला. थोरल्याने डोळे मिटले, गळा उघडा पडला. वस्तरा तिथे नेला आणि अकरा वर्षांत पहिल्यांदा धाकट्याचा हात खरोखरच कापू लागला.

‘देवा,’ तो मनात म्हणाला, ‘मागताना चुकलो. दिलेलं तू परत घेत नाहीस, ठाऊक आहे. आता माझं काही मागणं नाही. हा हात तेवढा तुझा.’

हात थांबला. देवाने धरला की दमून थांबला, कोण जाणे. वस्तरा गळ्यावरून सावकाश फिरला.

“दादा,” दाढी पुसता पुसता धाकटा म्हणाला, “त्या कानाचं मी सोडलं. तू काही बोलू नकोस.”

थोरल्याने डोळे उघडले. ओठ हलले. वहिनीने हातातले भांडे खाली ठेवले. धाकट्याने आपला कान त्याच्या तोंडाशी नेला. थोरल्याने एक श्वास घेतला. मग आणखी एक.

“डावा कल्ला बघ,” तो म्हणाला. “तुझा नेहमी वर जातो.”