ताईची चप्पल आणि माझे बटण

मी एका प्रवासी बोटीच्या पोटात बसलेला जुना डिझेल जनरेटर आहे. मित्रांनो, तुम्ही बोटीवर येता, गार वारा खाता, फोटो काढता आणि उतरून जाता. माझ्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पण वरचे दिवे, पाण्याचा पंप आणि चहाच्या काउंटरवरचा फ्रिज माझ्याच जिवावर चालतात. मी जरा थांबलो की सगळ्यांना माझी आठवण होते, आणि खरे सांगायचे तर तेव्हा मला बरे वाटते.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पहिल्याच झटक्यात सुरू झालो म्हणून तिथल्या साहेबांनी माझे कौतुक केले होते. पहिल्या मालकाने मात्र मला नुसते राबवले. अंगावर तेलाची पुटे चढली. माझ्या फिरत्या पट्ट्यावरची लोखंडी जाळी कुणीतरी काढली आणि ती परत बसवायला कुणालाच सवड झाली नाही. मग ही बोट दादाने विकत घेतली. दादा बोट चालवतो, त्याची बायको म्हणजे वहिनी चहाचे बघते, आणि दादाची धाकटी बहीण, आमची ताई, बोटीची मिस्त्री आहे.

पहिल्या दिवशी ताईने माझ्यावर टॉर्च मारला आणि म्हणाली, "काय अवतार करून ठेवलाय याचा." मग तिने मला घासून पुसून लख्ख केले. दोरखंडाच्या ढिगाखाली पडलेली माझी जाळी शोधून बसवली. तेव्हापासून मी तिचा झालो.

ताई माझ्यावर माया करते, पण विश्वास काडीचाही ठेवत नाही. तेच बरोबर आहे. मी काही दुष्ट नाही, पण बटण दाबले की मला फिरावेच लागते. समोर पाना आहे की कुणाचे बोट, हे मला विचारता येत नाही. म्हणून ताई खाली येताना बांगड्या काढते, वेणी टोपीत कोंबते, चप्पल काढून जाड बूट घालते. मला सुरू करण्याआधी पंखा लावून कोंडलेली हवा बाहेर घालवते आणि कानांवर जाड झाकणे चढवते. मी तापलेला असलो तर पाण्याचे झाकण उघडत नाही. "आधी याचं डोकं थंड होऊ दे," म्हणते. आग विझवायचा सिलिंडर दाराशीच असतो. वहिनीने एकदा त्याच्यासमोर साखरेची पोती रचली होती, तेव्हा दोघींचे जे काही वाजले ते न सांगितलेलेच बरे.

माझे एक बटण खाली आहे आणि दुसरे वर, दादाच्या खुर्चीसमोर. खरी भीती त्या वरच्या बटणाची. ताई आधी तिथे 'काम चालू आहे' अशी पाटी लावायची. पण दादाला ती बघून बघून दिसेनाशी झाली. मग ताईने युक्ती काढली. माझे काम करायचे असले की आपली एक चप्पल ती दादाच्या खुर्चीवर ठेवू लागली. "पाटी नाही वाचलीस तरी चालेल. चपलेवर तर बसणार नाहीस ना?" दादा कुरकुरला, पण युक्ती लागू पडली.

एके दिवशी सकाळी शाळेची सहल यायची होती आणि नेमका माझा पट्टा झिजून तुटायला आला होता. ताईने चप्पल खुर्चीवर ठेवली, खाली आली, जाळी उघडली. बॅटरीची वायर काढली की बटण दाबूनही मी सुरू होत नाही, पण ती काढायला माझ्या मागच्या सांदीत अंग चोरून शिरावे लागते. ताईला घाई होती. "वर चप्पल आहे की," ती पुटपुटली आणि तिने पट्ट्याला हात घातला. पण ती स्वतःच थांबली. "छे," म्हणाली, कोपर खरचटून घेत सांदीत शिरली आणि वायर काढून आली.

वर काय घडले ते मला नंतर बोलण्यावरून कळले. वहिनीचे वडील पहिल्यांदाच बोटीवर आले होते. जन्मभर शिंपीकाम केलेला, भारी टापटिपीचा माणूस. जावयाच्या खुर्चीवर चप्पल बघून त्यांना कसेसेच झाले. त्यांनी ती उचलून दाराशी पडलेल्या दुसऱ्या चपलेशेजारी नीट ठेवली आणि रुमालाने खुर्ची पुसली. तेवढ्यात दादा आला. काउंटरवरून वहिनी म्हणाली, "अहो, फ्रिज चालू करा ना, मुलं येतीलच." खुर्ची रिकामी होती. दादाने बटण दाबले.

मित्रांनो, तेव्हा ताईचा हात मनगटापर्यंत पट्ट्यामागे होता. मी जागचा हललो नाही. सुरू न झाल्याचा आनंद मला आयुष्यात तेव्हाच झाला.

"छोटे, हा सुरू का होत नाहीये?" दादाने वरून विचारले.

ताईने हात हळूच बाहेर काढला. "दादा, बटण दाबलंस तू?"

"हो. खुर्ची रिकामी होती."

दादा धडधडत शिडी उतरला. उघडी जाळी, लोंबणारी वायर बघून त्याने तिचा काळाकुट्ट हात दोन्ही हातांत धरला आणि उलटसुलट करून पाहिला.

"काही झालं नाही रे. वायर काढली होती मी."

"आणि नसती काढलीस तर?"

शिडीवर वहिनीचे वडील चेहरा पाडून उभे होते. "काका, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?" ताई म्हणाली. "आमची खूण आम्हालाच ठाऊक. तुम्हाला कुणी सांगितलीच नव्हती."

आता वरच्या बटणावर कुलपाचे झाकण आहे आणि माझे काम चालू असताना किल्ली ताईच्या खिशात असते. बोटीवर कामाला येणाऱ्या प्रत्येकाला हे आधी सांगतात, पाहुण्यांनासुद्धा. मित्रांनो, तुमच्याकडेही यंत्रे असतील. त्यांना पुसा, तेलपाणी करा, पण त्यांच्या भरवशावर राहू नका. बटण दाबण्याआधी कुणाचा हात आत नाही ना, ते डोळ्यांनी बघा.

त्या दिवशी सहल वेळेवर निघाली. पट्टा बसला, जाळी लागली, वायर जोडली. तरी दादा बटणाकडे जाईना. शिडीच्या तोंडाशी वाकून म्हणाला, "हात दाखव." ताईने हसून दोन्ही हात वर केले आणि दहाही बोटे नाचवली. मग कुठे त्याने मला सुरू केले, आणि मी असा गडगडलो की वरची मुले टाळ्या पिटू लागली.