खिडकीतला पेला

मी स्टीलचा एक साधा पेला. सांगायची लाज वाटते, तरी सांगतो.

इचोडा गावाशी, हैदराबादकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, ट्रक थांबतात तिथे, एड्सच्या रोग्यांसाठी छोटा दवाखाना निघाला. ही १९९६ सालची गोष्ट. तिथल्या नर्स जयवंताबाईंनी आम्हा पेल्यांना बाजारातून आणलं. बाई मोठ्या मायेच्या. चहा पाजल्याशिवाय रोग्याला सोडत नसत.

पण मला त्यांनी इतरांपासून काढून खिडकीत ठेवलं. रोग्यांचा चहा माझ्यात. बाकीचे पेले डॉक्टरांना, पाहुण्यांना. एकत्र चहा प्याल्याने हा रोग होत नाही, असं बाई रोज लोकांना समजावून सांगत. हात मात्र आपोआप खिडकीकडे जाई.

तलमडुगु गावची भागीरथा दर सोमवारी बसने येई. तिचा नवरा ट्रकवर होता. या रोगानं तो गेला, तिलाही देऊन गेला. सासरच्यांनी तिची चूल गोठ्यात मांडून दिली होती. ती मला दोन्ही हातांत धरून सावकाश चहा पिई. प्रत्येक रोग्यानंतर मला राखेने घासून घासून ठेवत, म्हणून मी सगळ्यांत चकचकीत.

एकदा ती म्हणाली, “बाई, तुमी मले दरखेपी नवा पेला देता. घरी त पोचे पडलेली जर्मनची वाटी हाये.”

बाई नुसत्या हसल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग एका सोमवारी केनियाहून वांबुई नावाच्या बाई आल्या. त्यांच्या देशात त्या याच रोगाचं काम करत आणि आपल्याकडचे दवाखाने बघत हिंडत होत्या. आदल्या दिवशी हैदराबादेतलं दारू-गर्द सोडवण्याचं केंद्र पाहून आल्या होत्या. बाकावर त्या भागीरथेला खेटूनच बसल्या. दोघींना एकमेकींची भाषा येईना, तरी हातवारे करून हसत होत्या.

चहा ओतायला बयनाबाई होती, नवीनच लागलेली आया. “पाव्हनीले चांगला पेला पाह्यजे,” असं म्हणत तिने उजळ पाहून मलाच उचललं.

पाहुणीने मला ओठाला लावलं, तोच जयवंताबाई ओरडल्या, “अगं बयना, तो नाही! तो रोग्यांचा!” आणि त्यांनी मला हिसकून घेतलं. चहा सगळा जमिनीवर.

“मले काय माईत वो बाई? तोच तेवढा चमकून राह्यला होता!” बयनाबाई म्हणाली.

पाहुणीला काही कळलं नाही. भागीरथेला सगळं कळलं. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि औषध न घेताच ती निघून गेली.

पुढच्या सोमवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तेव्हा जयवंताबाईंनी गोळ्या पिशवीत घातल्या, मलाही घातलं, आणि तलमडुगु गाठलं. भागीरथा गोठ्याच्या दारात खोकत बसली होती. बाईंनी तिच्या माठातलं पाणी माझ्यात घेतलं आणि तिच्यासमोर प्यायल्या.

“चुकले गं,” त्या म्हणाल्या. “आम्ही बौद्ध. माझ्या बापाला गावच्या हॉटेलात वेगळ्या कपात चहा द्यायचे. कप बाहेर वळचणीला खोचलेला. चहा पिऊन बाबांनी तो स्वतःच धुवून ठेवायचा.”

भागीरथा हळूच म्हणाली, “मंग तुमाले त माईत होतं.”

बाईंची मान खाली गेली.

मग भागीरथेने गोळ्या हातात घेतल्या. “औषधाले येईन मी. चहा नोको.”

ती बोलली तशी वागली. दर सोमवारी येत राहिली. “घे ना वो माय, साखर जास्त टाकली,” म्हणत बयनाबाई विनवायची. भागीरथा हसायची, आणि बस स्टँडच्या नळावर जाऊन ओंजळीने पाणी प्यायची. पोळ्यानंतर ती आली नाही. ती गेल्याचं तिच्या गावच्या माणसाने सांगितलं.

आता मी सगळ्या पेल्यांत मिसळून असतो. एकाच पाण्यात धुतला जातो, कुणाच्याही हाती पडतो. हवं होतं तेच झालं, पण जिच्यासाठी व्हायला हवं होतं ती नाही.

तुमच्या घरी कुणासाठी असा पेला वेगळा काढून ठेवला असेल, तर आजच तो बाकीच्यांत ठेवा. आम्हाला पाय नसतात हो. आम्ही आपणहून जागा सोडू शकत नाही.