हिबाच्या नावाचा पलंग

मी हिबाचा पलंग बोलतोय. कागदावर तरी मी तिचाच. प्रत्यक्षात सात महिन्यांत ती एकदाही माझ्यावर झोपलेली नाही.

आखाती देशातल्या बिन महमूद वस्तीत, या तिसऱ्या मजल्यावर इनायतचाचांनी मला आणलं, कारण त्यांची बारा वर्षांची पुतणी रत्नागिरीहून एकटीच यायची होती. तिचे आईबाप दोघंही गेलेले. अशा मुलीला नातेवाइकाकडे ठेवायचं तर सरकारी कार्यालयाच्या अटी असतात. शाळा हवी, स्वतंत्र पलंग हवा, आणि अधूनमधून कार्यालयाची बाई घरी येऊन बघणार. अटी चांगल्याच आहेत हो. पण मी एका अटीपुरता आलो आणि घडी होऊन दारामागे उभा राहिलो, अंगावर इस्त्रीचे कपडे घेऊन.

हिबा स्वयंपाकघरात वॉशिंग मशीनजवळ चटईवर झोपते. भांडी, कपडे, चाचीची जुळी मुलं, सगळं तिच्याच अंगावर. शाळेचं विचारलं की चाचा म्हणतात, "पुढच्या टर्मला, इन्शाल्ला." माझा नुसता जळफळाट होतो. चार पाय असून मला तिच्यापर्यंत चार पावलं जाता येत नाही.

बाई येण्याआधी फोन करते. माणसांची ही सभ्यता मला अजून कळलेली नाही. तेवढ्या वेळात मला उलगडतात.

"हिबा गो, चादर घाल बेगीन," सुरय्याचाची ओरडते. "नि बाईनं इचारलं तर?"

"इथंच झोपते."

दोनदा असंच झालं. फॉर्मवर खूण झाली आणि मी परत दारामागे.

आज तिसरी खेप. बाई अरब, म्हणून सोबत दुभाषी अफशां होती, रायगडकडची. बाईने पलंग पाहिला, पेन काढलं. अफशां मात्र माझ्यावरच्या उशीकडे बघत राहिली.

उशी हिबाने दाराच्या बाजूला ठेवली होती. म्हणजे झोपणाऱ्याचे पाय खिडकीकडे, सरळ किब्ल्याकडे. नमाज ज्या दिशेला पढायची तिकडे पाय करून या घरात तान्ह्या पोरालाही झोपवत नाहीत. चाची चहाच्या गडबडीत होती, तिचं लक्षच गेलं नाही.

"हिबा, रोज अशीच झोपतंस?" अफशांने घरच्या बोलीत विचारलं.

हिबाने चाचीकडे बघितलं नाही. "नाय. असा कोण झोपतो?"

अफशां बाईकडे वळली. "मॅडम, फॉर्म राहू द्या. हिच्याशी एकटीशी बोलायला हवं."

आता दार बंद आहे. बाहेरून चाची चहा निवतोय म्हणून हाका मारतेय. हिबा माझ्या कडेवर बसलीय. किती हलकी आहे ही पोर! उशी उचलून तिने मांडीवर घेतलीय. बाईने दोनदा घड्याळ पाहिलं.

बाई, तुम्हाला अजून घरं करायची आहेत, ठाऊक आहे मला. पण उठू नका. ती बोलेपर्यंत थांबा. हवं तर तुम्हीही बसा माझ्यावर, मी मोडणार नाही.