ओल्या फरशीवरची वीस पावलं

विमानातून उतरल्यापासून ठिणगी एकाच वाक्याची धार लावत होती. एका माणसाला कामावरून काढायचं वाक्य होतं ते. टॅक्सीत तिने ते तीनदा म्हणून पाहिलं आणि तिसऱ्यांदा इतकं झकास जमलं, की चालकाने आरशातून मागे पाहिलं.

ठिणगी हे नाव बाबांनी ठेवलेलं. जन्मल्याबरोबर जी भडकली ती भडकलीच, असं ते सांगत. बाबा वेल्डर. डावा पाय गुडघ्याखाली नाही. बाजारातल्या कुबड्यांनी त्यांना इतक्या वेळा तोंडावर पाडलं, की शेवटी त्यांनी स्वतःच एक जोडी बनवली. ती पाहून ठिणगीने आणि तिच्या दादाने पाच वर्षांपूर्वी कंपनी काढली. माणसं अकरा, शेड एक, आणि नियमही एकच: प्रत्येक कुबडी घेऊन बाबा ओल्या फरशीवर वीस पावलं चालणार. नाही घसरली तर गिऱ्हाइकाकडे, घसरली तर भंगारात. बाबांचा लेकीवर जीव होता, पण तिने जोडलेली कुबडीही त्यांनी भंगारात टाकली होती, आणि वर हसलेही होते.

मग परदेशातून मागणी आली आणि दादाला पंख फुटले. त्याने तिकडच्याच एका गावात कुबड्या जुळवायला खोली घेतली, सहा माणसं नेमली, त्यांच्यावर एक व्यवस्थापक बसवला. इतक्या लांबून लगाम कसा धरायचा? दादाने तक्ता बनवला. प्रत्येक कुबडीमागे बत्तीस रकाने. तपासणी झाली की रकाना हिरवा, राहिली तर लाल. दर सोमवारी तो तक्ता पडद्यावर यायचा, आणि आठ महिन्यांत त्यात लाल रंगाचा ठिपकासुद्धा दिसला नव्हता. ठिणगी त्या व्यवस्थापकाला हिरवेसाहेब म्हणायची. तेव्हा लाडाने.

परवा एक पार्सल आलं. आत त्या खोलीत जुळलेली कुबडी, आणि चिठ्ठी. एक बाई आपल्याच स्वयंपाकघरात सांडलेल्या पाण्यावर घसरली होती, मनगट मोडलं होतं. ठिणगीने तक्ता उघडून त्या कुबडीचा क्रमांक शोधला. ओल्या फरशीवर वीस पावलं: हिरवं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस आपल्याला आठ महिने रंग दाखवून गंडवतोय, आणि अशा तीनशे बारा कुबड्या आज लोकांच्या काखेत आहेत. तिने दादाला विचारलंही नाही, थेट तिकीट काढलं.

खोली होती एका छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. ठिणगीला धूळ हवी होती, आळस हवा होता, टेबलावर तंगड्या टाकून बसलेली माणसं हवी होती. तिथे सगळं लख्ख. भिंतीला कुबड्या उंचीप्रमाणे टेकवलेल्या. कोपऱ्यात चार हात लांब फरशी, शेजारी पाण्याची बादली. हिरवेसाहेब पन्नाशीचे, चष्मा दोरीने गळ्यात, सदऱ्याची वरची गुंडीसुद्धा लावलेली. त्यांनी पाणी विचारलं. तिने ते घेतलं नाही.

दोघांना कामापुरती एक भाषा येत होती आणि भांडायला तेवढी पुरते.

"ही कुबडी तुम्ही चालून बघितली होती?" तिने पार्सल टेबलावर आदळलं.

"मी स्वतः," ते म्हणाले. "वीस पावलं. पाणी ओतून."

"मग आत्ता चाला."

त्यांनी बादली उचलली, फरशी भिजवली, कुबडी काखेत घेतली आणि तेवढ्यातच येरझारा घालत चालले. दोन्ही पायांवर. अगदी व्यवस्थित, वीसच्या वीस, प्रत्येक पाऊल मोजून. कुबडी शेजारून टकटक करत त्यांच्याबरोबर फिरायला निघाल्यासारखी येत होती.

ठिणगीला आधी हसू आलं, मग ते हसू घशातच जळलं. तिने कमरेचा पट्टा काढला. त्यांच्या खुर्चीवर बसून डावा पाय गुडघ्यात दुमडला आणि पट्ट्याने करकचून बांधला. कुबडी घेऊन ती फरशीवर उतरली. पहिलं पाऊल. दुसरं. तिसऱ्याला सगळा भार तिरका पडला, खालची रबरी टोपी सरकली आणि ठिणगी कोपरावर आपटली. सहाही माणसांचे हात थांबले.

रबर तिथल्याच कारखान्याचं होतं. कागदावर सारखं, पायाखाली दगड. दोन पायांच्या माणसाला ते कधीच कळलं नसतं.

"एक पाय उचलायचा असतो," ती खालूनच ओरडली. "कुबडीची परीक्षा दोन पायांवर कोण घेतं? एवढी अक्कल नाही?"

हिरवेसाहेबांनी तिला उठायला हात दिला नाही. ते कपाटाकडे गेले, ठिणगीच्या शेडमधून आलेली तपासणीची वही काढली आणि तिच्यासमोर ओल्या फरशीवरच उघडून धरली.

"हे तुम्ही कुठे लिहिलंय?"

तिने वाचलं. पाण्याचं माप होतं. फरशीची लांबी होती. वीस हा आकडा अंकात आणि अक्षरात होता. पाय नव्हता. खाली तिची सही होती, गर्वाने शेपूट लांब काढलेली.

तिने तिथेच बसून दादाला फोन लावला आणि जे तोंडाला येईल ते बोलली. बाबांचं नाव वहीतून कोणी काढलं, हे तिला माहीत होतं. दादाने काढलं होतं. एका माणसावर अडणारी पद्धत दुसऱ्या देशात नेता येत नाही, असं त्याने तेव्हा समजावलं होतं. आताही तो तेच म्हणाला, आणि मग हळूच म्हणाला, की सही तुझी आहे.

त्याच्या हातातून फोन बाबांनी घेतला. तिने त्यांना विचारलं, तुम्ही वही वाचली होतीत ना, मग बोलला का नाहीत?

"वाचली ना," बाबा म्हणाले. "मला त्यात काही कमी दिसलं नाही. मी पाय कुठे उचलतो गं? तो नाहीच."

ठिणगीचा राग गेला नव्हता, फक्त त्याला बसायला दुसरं कोणी उरलं नव्हतं. तो तिच्याच छातीवर येऊन बसला. टॅक्सीत घासलेलं वाक्य तिने मनात एकदा म्हणून पाहिलं. ते तिलाच चपखल लागू पडत होतं.

"बाबा, तुम्ही इकडे येता?"

"येतो. पण पाहुणा म्हणून नाही हं. फरशी भिजवून ठेव."

हिरवेसाहेबांनी तोवर संगणक उघडून एक रकाना लाल केला होता. मग दुसरा. ते एकेक क्रमांक घेत खाली जात होते, चेहरा जणू कोणी कानाखाली मारल्यासारखा. त्यांच्याकडे तीनशे बारा जणांचे पत्ते आणि फोन नंबर होते, आडनावांनुसार लावलेले. तेवढं तरी कोणी न सांगता केलं होतं.

"या सगळ्या परत मागवायच्या," ठिणगी म्हणाली. "आजच फोन करायचे. वापरू नका म्हणून सांगायचं."

"मी करतो."

"अर्धे तुम्ही, अर्धे मी. आणि पडलेल्या बाईंना मी."

तिने भिंतीचा आधार घेतला. पाय अजून बांधलेलाच होता. एकाने सोडायला हात पुढे केला, तो तिने झटकला. एका पायावर उभी राहून तिने नंबर फिरवला. बाईंनी दुसऱ्या घंटेला उचलला. ठिणगीने कंपनीचं नाव सांगितलं, आणि पलीकडून जे सुरू झालं ते दारातल्या माणसालाही ऐकू गेलं. या बाईही काही कमी तापट नव्हत्या.

ठिणगीने फोन कानापासून जराही लांब धरला नाही.