ब्राऊनबाईचं दुखणं

चेअरमनच्या पोरीला खोटे पेशंट पायजे व्हते. खऱ्यांना आमच्या गावात काय तोटा? पर तिला धडधाकट माणसं पायजे व्हती. त्यांनी येऊन दुखतंय म्हणायचं आन तिनं तपासायचं. मोहनराव चेअरमननी चारा छावणीत येऊन हे सांगितलं तवा आमाला वाटलं, दुष्काळानं माणसाचं डोकं फिरलं.

अंजनाताई त्यांची धाकटी. डॉक्टर झालती, सरकारी दवाखान्यात नोकरीबी केलती, आन आता तिला विलायतेला जायचं व्हतं. तिथं आपल्या डॉक्टरकीला कुणी पुसत न्हाई म्हणे, पुन्हा परीक्षा द्यावी लागती. लिहायची परीक्षा ती पास झालती. दुसरी पेशंट तपासायची, तिच्यात एकदा नापास झालती. तिथं खोल्या खोल्या असतेत. दर खोलीत एक जण पेशंटचं सोंग घेऊन बसतो. घंटी वाजली की डॉक्टरनं आत जायचं, इचारायचं, तपासायचं, समजावून सांगायचं, पुन्हा घंटी वाजली की भायेर. इलाज तिनं समदे बरोबर सांगितले व्हते. मार्क गेले ते इचारलं न्हाई म्हणून. तुमाला काय वाटतं, तुमाला कशाची काळजी हाय, आमी सांगितलेलं तुमाला पटतंय का, असं तिथं पेशंटला इचारावं लागतं. आपल्याकडं डॉक्टर म्हणतो जीभ काढ, आपण काढतो. तिला तीच सवय. "मला इंग्रजी येतं गं वहिनी, इचारायचंच येत न्हाई," असं तिनंच मला एकदा सांगितलं.

म्हणून सराव मराठीत चालायचा, आन जागा दूध सोसायटीची. त्या साली पावसानं तोंडच दाखवलं न्हवतं. जनावरं छावणीत, दूध वासरालाच पुरंना, सोसायटीत कॅन पालथे पडलेले. दूध तपासायच्या टेबलावर गादी टाकली की झाला दवाखाना. आमीबी रिकामेच व्हतो. इकडं ऊसच न्हाई म्हणल्यावर जवळपासचे कारखाने बंद राहणार व्हते, आन आमचा मुकादम दिवाळी झाल्यावर ऊसतोडीची टोळी कर्नाटकात नेणार व्हता. तवर दिवसभर बैलांपाशी बसायचं आन टँकरची वाट बघायची.

पहिला मान धोंडीराममामाचा. त्यांनी छातीत दुखतंय असं म्हणायचं ठरलं व्हतं. अंजनाताईनं गोड आवाजात इचारलं, काय त्रास होतोय. मामा उठून उभे राहिले, हात जोडले आन म्हणले, काही न्हाई, तुमच्या किरपेनं झकास हाय. चेअरमनच्या लेकीपुढं रडगाणं कसं गायचं, असं त्यांचं म्हणणं. तिनं पुन्हा बसवलं, पुन्हा समजावलं. मंग भरती व्हायचं का घरी जायचं असं इचारलं, तर म्हणले, तुमी म्हणाल तसं. ऑपरेशन करायचं का? तुमी म्हणाल तसं. जो येईल त्याचं हेच. कुणी न्हाई म्हणंना, कुणी वाद घालंना, आन तिला तर वाद घालणारा पेशंट पायजे व्हता. तिनं कपाळाला हात लावला.

मंग मी गेले. मला सोंगाचा लहानपणापासून नाद. माहेरी युसूफ वडगावला शेजारच्या बायांच्या नकला करून मी आईचा लई मार खाल्लाय. तिच्याकडं सरावाची कार्डं व्हती, त्यांच्यावर पेशंटचं नाव लिहिलेलं असायचं, मिसेस ब्राऊन न्हाईतर मिस्टर कोण तरी. अंजनाताई मला त्याचं दुखणं समजावून सांगायची आन मी सुरू व्हायची. कधी बहिरी म्हातारी झाले, कधी दारू पिऊन पडलेला बाप्या झाले, कधी गोळ्या घ्यायच्या न्हाईत म्हणून भांडले. तिनं दोनदा इचारल्याबिगर मी एक शब्द जास्तीचा सांगायची न्हाई. ती म्हणायची, वहिनी, विलायतेला तुलाच न्यायला पायजे. मी म्हणायची, न्या की, इथं कोणता ऊस वाळत पडलाय.

माझ्याबरोबर सासू यायची. सून एकटी सोसायटीची वाट धरती हे बरं दिसत न्हाई म्हणून. भिवराबाई तिचं नाव, मी आत्याबाई म्हणते. ती खुर्चीवर बसायची न्हाई. चेअरमनच्या जागेत खुर्चीवर बसायचं म्हणजे तिच्या अंगावर काटा. उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसायची आन माझं सोंग बघून पदराच्या आड हसायची. घरी मातर तिचं तोंड म्हणजे कोयता. चाळिशी आत्ता कुठं ओलांडली, पर बघणारा साठीची म्हणंल. कंबर वाकलेली, रात्री घामानं चिंब व्हायची आन थंडीतबी पांघरूण फेकून द्यायची. कोयत्यानं खाल्लं मला, असं म्हणायची.

आता माझं सांगते. माझी पिशवी काढायचं ठरलं व्हतं. पिशवी म्हणजे गर्भाची पिशवी. दोन लेकरं झालीती, आन दुसऱ्या खेपेपासून ओटीपोटात दुखायचं, अंगावरून पांढरं जायचं, पाळी आली की लई जायची. उसाच्या फडात आडोसा न्हाई, धुवायला पाणी न्हाई, आन एक दिवस बसलं की खाडा पडतो, मुकादम पैसे कापतो. आमच्या टोळीत निम्म्या बायांच्या पिशव्या काढलेल्या. शहरातल्या एका डॉक्टरनं पोटावर यंत्र फिरवलं आन मान हलवली. पिशवी खराब झालीया, ठेवली तर कॅन्सर होईल, म्हणला. माझ्याकडं न बघता आत्याबाईला म्हणला. आत्याबाई म्हणली, तुमी म्हणाल तसं. येणारा सोमवार ठरला. मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मुकादमाला सांगितलं, मुकादमानं बरं झालं म्हणून मान डोलावली, आन माझ्याशी कुणी बोललंच न्हाई.

मला काढायची न्हवती. मला भ्या वाटायचं, आन तिसरं लेकरू पायजे का नको हेबी मी अजून ठरवलं न्हवतं. पर सांगणार कुणाला? मालकांना बोलले तर म्हणले, आईला इचार. आत्याबाईला इचारलं तर ती म्हणली, माझी काढली, मी मेले का? अंजनाताईला इचारावं तर आत्याबाई कायम भिंतीपाशी. घरातली गोष्ट, तीबी असली, चेअरमनच्या घरात सांगितली असती तर तिनं मला उभी फाडली असती. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतेत तो हाच.

सोमवारच्या आधी शुक्रवारी अंजनाताई म्हणली, आज बायकांच्या दुखण्याचा सराव करू. कार्डावरच्या समद्या करून झाल्यात, वहिनी, तूच काही तरी मनानं रच. नाव मिसेस ब्राऊनच ठेव.

मी खुर्चीवर बसले. तिनं मोबाईलवर घंटी लावली, दाराशी जाऊन पुन्हा आत आली, नमस्कार केला, मी डॉक्टर अंजना, म्हणली. मी म्हणलं, मी ब्राऊनबाई. आत्याबाई हसली. मंग तिनं काय होतंय इचारलं, आन माझ्या तोंडून माझंच भायेर पडायला लागलं.

मी रचलं काहीच न्हाई. ओटीपोट सांगितलं, पांढरं सांगितलं, पाळीचं सांगितलं. ती इचारत गेली तसं सांगत गेले. ताप येतो का? येतो कधीमधी. काम काय करता? शेतात. पाळीत काय वापरता? फडकं. धुवायला पाणी मिळतं का? न्हाई. विलायतेच्या बाईला पाणी कसं मिळंना, हे अंजनाताईच्या ध्यानात आलं न्हाई, ती तिच्या सरावात बुडाली व्हती. पर आत्याबाईच्या ध्यानात आलं. तिचं हसू गेलं. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, ती माझ्याकडं एकटक बघत व्हती. तरी मी थांबले न्हाई, आता उठले तर पुन्हा कवा बसणार व्हते?

मी म्हणलं, डॉक्टरीणबाई, एका डॉक्टरनं सांगितलंय पिशवी काढा, न्हाई तर कॅन्सर होईल. तवा अंजनाताईनं खुर्ची पुढं ओढली आन इचारलं, "आणि तुम्हाला काय वाटतं, मिसेस ब्राऊन? तुमची काय इच्छा आहे?"

इतके दिवस मी ह्या प्रश्नाला हसत आले व्हते. त्या दिवशी हसू आलं न्हाई. मी म्हणलं, "मला न्हाई काढायची. मला कुणी इचारलं न्हाई."

तिला वाटलं मी झकास सोंग करतीया. मान हलवून ती समजावून सांगायला लागली. असल्या दुखण्यात बहुतेक वेळा पिशवीला सूज असते, गोळ्यांनी बरी होते. आधी नीट तपासू, पिशवीच्या तोंडाकडच्या पाण्याची तपासणी करू, मग औषध देऊ. एवढ्यावरून कॅन्सर म्हणता येत नाही. पिशवी काढणं हा शेवटचा उपाय, पहिला नाही. आन पिशवीबरोबर अंडाशयं पण काढली तर इतक्या कमी वयात पाळी जाते, मग एकाएकी अंगातून वाफा निघतात, रात्री घामानं झोपमोड होते, हाडं ठिसूळ होतात, कंबर धरते, बाई वयाआधी म्हातारी दिसायला लागते. तिनं एकेक गोष्ट बोटावर मोजून सांगितली.

घंटी वाजली. अंजनाताई खुशीत व्हती, आज इचारायचं एकबी इसरले न्हाई, म्हणली. मी पदरानं तोंड पुसलं. भिंतीकडं बघायचं धाडस झालं न्हाई. आता घरी गेल्यावर माझी खैर न्हाई एवढंच डोक्यात.

आत्याबाई उठली. हळूहळू आली आन मला म्हणली, ऊठ. मी उठले. ती त्या खुर्चीवर बसली. चेअरमनच्या जागेत, खुर्चीवर, पाठ टेकून.

"माझंबी घे," म्हणली अंजनाताईला.

अंजनाताईला वाटलं, काकूलाबी सोंगाची हौस आली. तिनं हसत पुन्हा घंटी लावली, नमस्कार केला, नाव इचारलं. आत्याबाई म्हणली, भिवराबाई. दुसरं काही नाव सांगितलं न्हाई. काय होतंय म्हणल्यावर म्हणली, तू आत्ता बोटावर मोजलंस ते समदं होतंय. वाफा, घाम, कंबर. हिच्यापेक्षा लहान व्हते तवा माझी पिशवी काढली, धाकटं लेकरू मांडीवर व्हतं. फडात परत गेले तवा टाकेबी नीट वाळले न्हवते. मला वाटलं कोयत्यामुळं होतंय.

अंजनाताईचं हसू हळूहळू उतरलं. काढायच्या आधी हे कुणी सांगितलं नव्हतं का, असं तिनं इचारलं. आत्याबाई म्हणली, कुणीच न्हाई. अंजनाताईनं मोबाईल उचलून घंटी बंद केली. मंग तिनं सरावातलाच प्रश्न इचारला, पर आता आवाज सरावातला न्हवता. "काकू, तुमची काय इच्छा हाय?"

भायेर छावणीत कुणाचा तरी बैल हंबरत व्हता.

"माझी गेली ती गेली," आत्याबाई म्हणली. "ही माझी सून हाय. सोमवारी हिची काढायची हाय. हिची राहू दे."

मी रडले. लपवलंबी न्हाई. अंजनाताई उठून माझ्यापाशी आली, वहिनी, मघाशी समदं तुझंच व्हतं का, म्हणली. मी हो म्हणलं. ती टेबलाला टेकून उभी राहिली. कार्डं तशीच पडली व्हती. तपासायला ये, म्हणली मला, मी सामान आणते, इथंच तपासते, पैशाचं काही नको. आत्याबाईला म्हणली, तुमच्या हाडांचंबी बघू. आत्याबाई म्हणली, माझ्या हाडांचं आता काय बघायचं. पर न्हाई म्हणली न्हाई.

आमी निघालो. छावणीच्या वाटेला लागलो तशी तिची टकळी सुरू झाली. घरातलं असं चव्हाट्यावर मांडतेत का, लाज न्हाई, ब्राऊनबाई म्हणं ब्राऊनबाई, तुझ्या बापानं हेच शिकवलं का, तुझ्या मालकाला मी काय सांगू, मुकादमाला काय सांगू. तिचं बोलणं मला त्या दिवशी पहिल्यांदा कडू लागलं न्हाई. मुकादमाला मीच बघून घेते, असंबी मधेच म्हणली, आन पुन्हा मला शिव्या.

बाभळीपाशी आल्यावर ती थांबली. कंबरेवर हात ठेवून माझ्याकडं वळली.

"तपासायला कवा यायचं, ते नीट इचारलंस का?"

मी म्हणलं, न्हाई इचारलं.

"मंग चल," म्हणली, आन आमी दोघी परत फिरलो.